मिरजेचा तंबोरा नागपूरला आणताना

हाताने घडवलेला तंबोरा घ्यायचा ठरला की महाराष्ट्रात वाट मिरजेकडे वळते. सांगली जिल्ह्यातल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडवले जातात. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरात गाणे शिकणाऱ्या पुष्कळांची सुरुवात विजेच्या तंबोऱ्यावर किंवा मोबाइलमधल्या ॲपवर होते, आणि स्वतःच्या तंबोऱ्याची इच्छा वर्षानुवर्षे मागे पडत राहते. पैसे साठतात तेव्हा खरेदी मात्र घाईत, छायाचित्र पाहून होते. तसा आणलेला तंबोरा बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी पट्टीला शोभणारा निघतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरू लागतो. तंबोरा आपल्या गळ्यासाठी घडवून घ्यावा लागतो, आणि घरी आणल्यावर नागपूरच्या हवेत रुळवावा लागतो. या दोन्ही कामांना वेळ लागतो, हे आधीच धरून चालले तर मनाजोगते वाद्य हाती येते.

मिरजेत हे काम रुजले ते शिकलगारांच्या हातांनी. शिकलगार म्हणजे शस्त्रे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अंमलात तलवारी-भाल्यांची मागणी ओसरली आणि पटवर्धनांच्या संस्थानातल्या या कुशल हातांना दुसरे काम शोधावे लागले. फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन या दोघा शिकलगार बंधूंनी वाद्यांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे स्वतः वाद्ये घडवू लागले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी धंदा पसरवला. सतारमेकर हे आडनावच झाले, आणि सतारमेकर गल्लीत आजही एकाला लागून एक अशी दुकाने आणि कारखाने आहेत. इथल्या कारागिरांचे शिक्षण गवयांच्या संगतीत झाले, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे वास्तव्य मिरजेत होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तिथेच शिकले, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला घर केले. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीचे स्वतः जाणकार होते. अशा कानांची पसंती मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खपलेला कारागीर ‘गोड वाजायला हवा’ एवढ्या मागणीवर समाधानी होत नाही. तो विचारतो, पट्टी कोणती?

हा प्रश्न सुटल्याखेरीज मिरजेला फोनसुद्धा करू नये. तंबोऱ्याचा आकार, भोपळ्याचा घेर, तारांची लांबी आणि जाडी, सारे षड्‌जाच्या जागेवरून ठरते. पुरुष गायक साधारणपणे पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन या पट्ट्यांत गातात, तर स्त्रिया काळी चार, काळी पाच किंवा त्यांच्या आसपास. पुरुषी तंबोरा सुमारे पाच फूट उंच असतो आणि त्याचा भोपळा मोठा असतो. बायकी तंबोरा त्याहून आखूड, आणि तारांची लांबीही तितकीच कमी. सतार, सरोद किंवा बासरीच्या साथीला वाजते ती लहान तंबोरी आणखी वेगळी. पुरुषी तंबोरा काळी चारपर्यंत चढवला तर तारा ताणाने तुटतात आणि भोपळ्यावर बसवलेल्या तबलीवर नको तेवढा भार येतो. उलट बायकी तंबोरा काळी एकला उतरवला तर तारा सैल पडतात आणि नाद पोकळ होतो. जाड-बारीक तारा घालून एखाद-दुसऱ्या स्वराचा फरक भागवता येतो, त्यापलीकडे नाही.

आपली पट्टी नेमकी कोणती हे शिकणाऱ्याला स्वतःला ठरवणे कठीण जाते, विशेषतः गळा अजून बसत असताना. ते गुरूला विचारावे. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटायचा असेल, तर घडवून घेण्याचे काम दोन वर्षे पुढे ढकलणेच शहाणपणाचे. घरात गाणारे दोघे असतील, एक पुरुष आणि एक स्त्री, तर एकाच तंबोऱ्यात दोघांना बसवण्याचा मोह टाळावा. ज्याचा रियाज जास्त, त्याच्या पट्टीचा तंबोरा आधी घ्यावा.

कान तयार करण्याची सोय नागपुरातच आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र इथेच आहे. वसंतराव देशपांडे यांचा जन्म मूर्तिजापूरचा, पण त्यांचे बालपण आणि शंकरराव सप्रे यांच्याकडचे शिक्षण नागपूरचे. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात संगीत समारोहही होतो. अशा मैफलींत पुढच्या रांगेत बसून गायकाच्या मागच्या तंबोऱ्यांच्या जोडीकडे कान लावावा. ध्वनिवर्धकातून येणारा आवाज फसवा असतो, म्हणून गायक तंबोरे लावत असतानाची दहा-पंधरा मिनिटे सगळ्यांत मोलाची. ओळखीच्या गाणाऱ्यांकडे जाऊन त्यांचे तंबोरे मांडीवर घेऊन छेडता आले तर त्याहून उत्तम. चार-पाच वाद्ये ऐकून झाली की आपल्याला काय हवे ते सांगता येऊ लागते: भरीव, खुला, थोडा बंद, तीक्ष्ण, मऊ. कारागीर याच शब्दांत बोलतो.

तंबोऱ्याचे अर्धे भवितव्य शेतात ठरते. त्याचा भोपळा भाजीचा नसतो. तो कडू, जाड सालीचा, खास वाद्यांसाठी वाढवलेला असतो. मिरजेला असे भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. वेलीवर तो पूर्ण पिकू देतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. अतिवृष्टीच्या किंवा अवर्षणाच्या वर्षी चांगल्या घेराचे भोपळे कमी मिळतात आणि मोठ्या पुरुषी तंबोऱ्यांची वाट लांबते. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया काढतात, मग आतून काड्यांचा आधार देऊन हवा तो घेर राखत पुन्हा वाळवतात. दोन भोपळे कधीच सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही सारखे होत नाहीत. जोडी हवी असेल तर ती एकदमच सांगावी. कारागीर जुळणारे दोन भोपळे आणि शक्यतो एकाच लाकडाच्या दांड्या बाजूला काढून ठेवतो. एक आज आणि दुसरा तीन वर्षांनी घेतला तर नाद जुळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

लाकूड मुख्यतः तुनाचे. ते वजनाला हलके, तांबूस, कापायला सोपे असते, आणि नीट मुरले की वाकत नाही. दांडी आतून पोकळ करतात, भोपळ्याला लाकडी गळा जोडतात, वर तबली बसवतात. तबली किंचित फुगीर असते आणि नाद तिच्यातूनच बाहेर पडतो. ती जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर सुरुवातीला वाद्य झकास बोलते, पण काही वर्षांत तारा पेलणाऱ्या घोडीखाली खचते. लाकूड किती वर्षे मुरलेले आहे, हा प्रश्न कारागिराला स्पष्ट विचारावा. नागपूरच्या गिऱ्हाइकाला तो टाळून चालणारच नाही. मिरजेच्या सौम्य हवेत अर्धवट मुरलेले लाकूड निभावून जाते, नागपूरच्या मे महिन्यात ते पीळ खाते. ‘हे वाद्य नागपूरला जाणार आहे’ असे पहिल्याच बोलण्यात सांगितले तर जुने, पक्के लाकूड निवडण्याचे भान जाणकार कारागीर ठेवतो.

मागणी नोंदवताना ज्या गोष्टी लेखी द्याव्यात त्यांत पट्टी पहिली. त्यानंतर पुरुषी की बायकी, पहिली तार पंचमाला लावण्याचे प्रमाण जास्त की मध्यमाला, घोडी कशाची, नक्षी किती, पॉलिशचा रंग कोणता आणि सोबत गवसणी हवी की कडक पेटी. डावखुऱ्या वादकाने तसे मुद्दाम सांगावे. किमतीत मोठा फरक पडतो तो नक्षीमुळे. दांडीवरची वेलबुट्टी, भोपळ्यावरची कोरीव पाने, सेल्युलॉइडच्या पट्ट्यांचे जडावकाम हे सारे देखणे असते आणि त्यात खरी कारागिरी असते, पण नादात त्याने काही भर पडत नाही. हाताशी रक्कम ठरलेली असेल तर नक्षी साधी ठेवून तोच पैसा जुन्या लाकडात, चांगल्या भोपळ्यात आणि ज्येष्ठ कारागिराच्या हातच्या जवारीत, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घडणीत, घालावा. पुढच्या पन्नास वर्षांत रोज ऐकू येणार आहे ते तेच.

आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम कधी द्यायची, वाद्य कधी तयार होईल आणि पहिली जवारीदुरुस्ती किमतीत धरली आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावे. हाताने घडवलेल्या ठरावीक देशी वाद्यांना वस्तू व सेवा करातून सूट आहे, म्हणून पक्की पावती मागायला संकोचण्याचे कारण नाही. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का, हेही विचारता येते. मानांकन उगमाची खात्री देते, एका विशिष्ट वाद्याच्या नादाची नाही, तेव्हा ते पाहून झाल्यावरही परीक्षा उरतेच.

जुना तंबोरा विकत घेणे हा दुसरा मार्ग, आणि कित्येकदा अधिक चांगला. पन्नास-साठ वर्षांचे मुरलेले लाकूड आज सहज मिळत नाही. गाणारे माणूस गेल्यावर घरात पडून राहिलेले तंबोरे नागपुरातही सापडतात. मात्र घोडीत, खुंट्यांत किंवा जडावात हस्तिदंत अथवा सांबरशिंग आहे का हे तपासावे, कारण पूर्वी ती सर्रास वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्याखेरीज तबली घोडीखाली खचलेली नसावी, दांडी सरळ असावी आणि भोपळ्याला पूर्वी पडलेल्या चिरा आतून नीट सांधलेल्या असाव्यात. किडीची बारीक भोके आणि त्यांतून झडणारा भुसा दिसला तर ते वाद्य कितीही गोड वाजत असले तरी सोडून द्यावे.

नवा तंबोरा तयार झाल्याचा निरोप आला की मिरजेला स्वतः जावे. गोंदिया आणि कोल्हापूर यांच्यामध्ये धावणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर आणि मिरज दोन्ही गाठते, आणि चोवीस तासांहून लांबचा हा प्रवास या खरेदीत वाया जात नाही. जाण्याचा काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारी संपेपर्यंतचा निवडावा. पावसाळ्यात चपडी लाखेचे पॉलिश नीट सुकत नाही आणि सांध्यांतला सरस ओल धरतो. उन्हाळ्यात वाद्य तापलेल्या डब्यातून आणावे लागते. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात संगीतोत्सव असतो, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणे होते. ऐकण्यासाठी हे दिवस अप्रतिम, पण तेव्हा गावात गवयांची गर्दी असते आणि कारागिरांचे हात दुरुस्त्यांत गुंतलेले असतात. निवांत परीक्षेसाठी वेगळा आठवडा बरा.

परीक्षेला पुरा दिवस द्यावा. सकाळी आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे. भोपळ्याच्या टोकाशी डोळा नेऊन दांडीच्या रेषेत पाहिले की वाक किंवा पीळ लगेच दिसतो. खुंट्या हाताने फिरवून पाहाव्यात. त्या अडखळत फिरत असतील किंवा आपोआप सुटत असतील तर तिथेच घासून, खडू लावून घ्याव्यात. घोडीखालचे मणी सहज वर-खाली सरकले पाहिजेत, कारण बारीक सूर त्यांच्यावरच मिळतो. तबलीवर बोटाच्या पेराने हलके ठोकत गेले की सांधा सुटलेला असल्यास आवाज बदलतो.

मग जवारी. तंबोऱ्याचे सारे रहस्य घोडीच्या माथ्यावरच्या दीड-दोन बोटे रुंदीच्या पृष्ठभागात आहे. व्हायोलिनच्या किंवा गिटारच्या घोडीवर तार एका कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उताराचा, इतका किंचित की डोळ्यांना सपाट वाटावा. तार कंप पावताना या उतारावर पुन्हापुन्हा टेकते, सुटते आणि त्यातून एकाच तारेत स्वरांची माळ उमटते. तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा तार नेमकी कुठे उचलली जावी हे ठरवतो. दोरा केसभर हलला की नाद उघडतो किंवा मिटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा हा विशेष नोंदवला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर, पाश्चात्त्य शास्त्रात मान्य असलेल्या नियमाप्रमाणे, ऐकू यायला नकोत. या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचे कारण रामन यांना घोडीच्या वक्र माथ्यात दिसले.

रामन यांचे हे निरीक्षण विकत घेणाऱ्याला चाचणी म्हणूनही वापरता येते. जोडाची, म्हणजे मधल्या दोन षड्‌जाच्या तारांपैकी, एक तार अगदी मधोमध, घोडी आणि दांडीच्या वरच्या टोकाची अटी यांच्यापासून सारख्या अंतरावर, हलकेच छेडावी. वरच्या सप्तकाचा षड्‌ज तरीही स्वच्छ झंकारला तर जवारी जिवंत आहे. मग दोरा काढून तेच करावे. फरक ऐकला की जवारी कुठे संपते आणि नुसती तार कुठे सुरू होते ते कानाला उमगते. यानंतर खर्जाची तार एकटी सावकाश छेडावी आणि तिचा नाद विरेपर्यंत थांबावे. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्यात खर्ज दर सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६ कंपनांवर, गांधार उमटतो. गवई ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच. तो कानाला शोधावा लागता कामा नये, आपणहून यायला हवा. पंचमाच्या तारेतून अशाच रीतीने ऋषभ आणि निषाद निघतात. चारही तारा एकामागोमाग छेडल्यावर कुठली एक पुढे येत असेल, किंवा एक झंकारते आणि दुसरी ठोकळ वाजते असे होत असेल, तर कारागिराला तसे मोकळेपणाने सांगावे. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन तो पुन्हा बसेल. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही.

पहिली तार पंचमावरून मध्यमाला उतरवून, मग निषादाला चढवून पाहावे. मालकंसाला मध्यम लागतो, मारवा-पुरियाला निषाद. पंचमाला उत्तम बोलणारी जवारी मध्यमाला मिटते, असे पुष्कळदा होते. त्या तारेचा दोरा हलवून ती उघडते का हे कारागिराकडून समजून घ्यावे, आणि ती हालचाल स्वतःच्या हाताने करून पाहावी. नागपुरात परतल्यावर शेजारी कारागीर नसतो.

घोडी हाडाची, काळ्या लाकडाची किंवा अलीकडे कृत्रिम पदार्थाची असते. हाड आणि लाकूड यांचा नाद वेगवेगळा, आणि आवड आपापली. कृत्रिम पदार्थ हवेने कमी बदलतो आणि जवारी जास्त दिवस टिकवतो. नागपूरच्या टोकाच्या ऋतूंत हा गुण दुर्लक्षण्याजोगा नाही. मात्र वेगवेगळ्या प्रकारच्या घोड्या त्याच तंबोऱ्यावर ठेवून ऐकायला मिळाल्या तरच निर्णय घ्यावा.

दिवस संपताना वाद्य मिळवून घेऊन अर्धा तास त्यावर स्वतः गावे. परीक्षा करताना कान वाद्यावर असतो, गाताना तो गळ्यावर जातो, आणि तंबोरा आपल्या आवाजाला आधार देतो की त्याच्याशी झगडतो हे तेव्हाच कळते. कारागिराने हे सुचवले नाही तरी संकोच न करता करावे.

वाद्य निघण्यापूर्वी घोडीची जागा तबलीवर पेन्सिलीने खुणावून ठेवावी, कारण बहुतेक तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तारा तीन-चार स्वर उतरवाव्यात. पूर्ण सोडू नयेत, नाहीतर घोडी सरकते आणि दांडीवरचा सवयीचा ताण एकदम जातो. घोडीखाली मऊ कापड, तारांच्या आणि तबलीच्या मध्ये पातळ फडके, वर गवसणी आणि त्यावर कडक पेटी. भोपळा पेटीत हलता कामा नये. त्याच्या भोवतीची पोकळी जुन्या सुती कपड्यांनी भरावी. रेल्वेत वरचा बर्थ घेऊन तंबोरा त्यावर आडवा ठेवावा. बाकाखाली किंवा दाराशी तो सुरक्षित नसतो. एसी डब्यात गार हवेचा झोत थेट पेटीवर येणार नाही असे पाहावे. मालवाहतुकीने पाठवण्याची वेळच आली तर लाकडी खोका, पेंढा आणि विमा या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. भोपळा धक्क्याने फुटतो आणि फुटलेला भोपळा बदलणे म्हणजे जवळजवळ नवा तंबोराच.

घरी पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. ती एक रात्र खोलीत तशीच राहू द्यावी, म्हणजे आतले लाकूड हळूहळू घरच्या हवेला येते. पुढे आठवडाभर तारा दोन स्वर खालीच ठेवाव्यात आणि रोज थोड्या चढवाव्यात.

नागपूरची हवा लाकडाच्या वाद्याची सर्वांत कठीण परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेत ओल नावालाही उरत नाही. जून संपता संपता पाऊस येतो आणि दोन-तीन आठवड्यांत तीच हवा दमट होते. लाकूड आधी आक्रसते, मग फुगते. भोपळा आणि तबली वेगवेगळ्या वेगाने हलतात, आणि त्यांच्या सांध्यावर सारा ताण येतो. यात नागपूरच्या प्रत्येक घरातला कूलर भर घालतो. कूलरचा झोत ओला असतो आणि तो दिवसातून काही तासच चालतो. त्यासमोर ठेवलेला तंबोरा दुपारी ओला आणि रात्री कोरडा होत राहतो. हा रोजचा हेलकावा निव्वळ कोरड्या हवेहून वाईट. म्हणून तंबोऱ्याची जागा अशी खोली, जिथे कूलरची हवा थेट येत नाही आणि जिची भिंत पश्चिमेच्या उन्हाने तापत नाही. घराच्या मधल्या भागातली, उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत असलेली खोली बरी. ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर त्या खोलीत टांगावा. ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान वाद्य सुखात असते. ती मर्यादा वर्षभर पाळणे नागपुरात अशक्य आहे, पण चढ-उतार सावकाश होतील एवढे पाहता येते. उन्हाळ्यात खोलीत पाण्याचे भांडे ठेवावे, पेटीत ओलसर स्पंज असलेली छिद्रांची डबी ठेवावी आणि पावसाळ्यात तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. एप्रिल-मे मध्ये रियाज झाल्यावर तारा एक स्वर उतरवून ठेवण्याची सवय लावली तर तबलीला मोठा दिलासा मिळतो.

तंबोरा कोपऱ्यात उभा ठेवण्याची रीत जुनी आहे, पण लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात तो पाठीवर, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ देऊन, तबली वर ठेवून आडवा ठेवावा. गवसणी सुती असावी. प्लास्टिकचे आवरण ओल आत कोंडते. तारा घाम आणि ओल यांनी गंजतात, म्हणून रियाजानंतर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जोडाच्या पोलादी आणि खर्जाच्या पितळी तारांचे दोन-दोन जादा संच, त्यांच्या जाडीच्या नोंदीसह, मिरजेहूनच आणावेत. ऐन कार्यक्रमाच्या आधी तुटलेल्या तारेच्या जागी हाताला येईल ती तार चढवली की जवारीचा तोल बिघडतो.

पहिल्या वर्षात जवारी बदलणारच. नव्या घोडीवर तारा स्वतःच्या बारीक खाचा पाडतात, तबली हवेने किंचित उचलते किंवा बसते, आणि गांधार हळूहळू मंद होतो. याला दोष समजू नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर, पुढच्या हिवाळ्यात जवारी पुन्हा काढून घ्यावी. त्यानंतर वाद्य पुष्कळसे स्थिरावते आणि हे काम रियाजाच्या प्रमाणात काही वर्षांनी एकदा करावे लागते. मिरजेचे काही कारागीर दुरुस्तीसाठी मोठ्या शहरांत फेऱ्या करतात. नागपूरची फेरी कधी असते हे वाद्य घेतानाच विचारून ठेवावे, आणि गावातल्या दोन-चार गाणाऱ्यांनी मिळून एकदम बोलावले तर त्यांनाही येणे परवडते. नुसती घोडी टपालाने पाठवून जवारी काढून घेण्याचा प्रयत्न करू नये. घोडीचे पाय त्या एका तबलीच्या उंचवट्यावर बेतलेले असतात, आणि जवारी त्याच वाद्यावर, त्याच तारांखाली, कानाने काढावी लागते. घरच्या घरी पॉलिश पेपर फिरवण्याचा मोह तर कटाक्षाने आवरावा. चार घासण्यांत उडालेला माथा पुन्हा आणता येत नाही, घोडीच नवी करावी लागते.

भोपळ्याला बारीक चीर दिसली तर त्याच दिवशी तारा उतरवाव्यात आणि चिरेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करावी. आठवड्याने चीर खुणेपलीकडे गेली नसेल तर ती फक्त पॉलिशची असण्याचा संभव आहे. वाढली असेल तर आतून कापड आणि सरस लावून सांधावी लागते, आणि हे काम जाणत्या हातानेच व्हावे. त्वरित चिकटणारा बाजारी डिंक अशा चिरेत कधीही घालू नये. तो कडक बसतो, भोपळा हवेबरोबर हलतो, आणि पुढची चीर त्याच्या शेजारीच पडते.